बालो ते अरण्या : कृष्णा सोबतींच्या कथात्म साहित्यातील वृद्धत्व आणि कामना

स्त्रीच्या लैंगिकतेचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा तारुण्यापाशी थांबते. वृद्ध स्त्रीच्या ठायी कामना आढळली, तर तिचा अर्थ स्मृती म्हणून किंवा अध्यात्म म्हणून लावला जातो. वर्तमानातील देहभावना म्हणून तिची दखल क्वचितच घेतली जाते. कृष्णा सोबती (१९२५-२०१९) यांच्या हिंदी कथात्म साहित्यात हा प्रश्न एकाच लेखिकेच्या वयाबरोबर कसा पालटत गेला, हे पाहता येते.

साठच्या दशकातील 'मित्रो मरजानी' ही कादंबरी मित्रोच्या निःसंकोच कामभावामुळे आणि पंजाबी वळणाच्या बोलीमुळे गाजली. तिचा शेवट मात्र मित्रोच्या आईमुळे, बालोमुळे घडतो. एकेकाळी पुरुषांना आकृष्ट करणारी बालो आता ओस घरात एकटी आहे. तिचे हे एकाकीपण पाहून मित्रो पतीकडे परतते. तरुण विवाहितेच्या कामनेला वाचा देणाऱ्या या कृतीत उतारवयाची कामुक स्त्री मात्र धोक्याची खूण म्हणून अवतरते. चाळिशीतील लेखिकेच्या धाडसाची ही मर्यादा समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

'ऐ लड़की' (१९९१) या दीर्घकथेत मृत्युशय्येवरील आई आपल्या अविवाहित मुलीशी बोलते. येथे देह जर्जर आहे, पण वाणी शाबूत आहे. प्रसूती, संसार, राहून गेलेल्या इच्छा यांविषयी ती कोणतीही क्षमायाचना न करता बोलते. बालोला जे लाभले नव्हते, ते स्वतःच्या आयुष्याचा अर्थ स्वतः सांगण्याचे स्वातंत्र्य या आईला लाभले आहे.

वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'समय सरगम' (२०००) मध्ये सोबती आणखी पुढे जातात. नायिका अरण्या लेखिका आहे, एकटी राहते. ईशानशी तिचे सख्य विवाहाविना जुळते. फिरणे, एकत्र जेवणे, वादसंवाद यांतून ते आकाराला येते. मित्रोचा दाह येथे नाही, म्हणून लेखिकेने शिष्टसंमत मर्यादेपुढे मान तुकवली, असा आक्षेप घेता येईल. तो पूर्णतः निराधार नाही. शरीरसंबंधाबाबत कादंबरी संयत आहे. तथापि तिच्या परिसरातील अन्य वृद्ध कुटुंबाच्या आणि मालमत्तेच्या ओढाताणीत सापडलेले आहेत. तेथे वृद्ध देह हा वारसांच्या प्रतीक्षेचा विषय ठरतो. अशा स्थितीत स्वतःचे घर, स्वतःचा वेळ आणि स्वतः निवडलेला सहचर यांवर हक्क सांगणे हेच कामनेचे रूप होते. ईशानचा कल अध्यात्माकडे आहे. अरण्या मात्र इहलोकातच रमते. कादंबरीचे वानप्रस्थपर वाचन करणारा समीक्षक नकळत ईशानची दृष्टी संपूर्ण कादंबरीवर लादतो.

मार्गरीत द्युरास यांच्या 'लामां' (१९८४) या फ्रेंच कादंबरीशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. सत्तराव्या वर्षी लिहिलेल्या या कृतीत सुरकुतलेला चेहरा हे कथनाचे प्रवेशद्वार आहे, पण कामनेचा काळ सायगावमधील किशोरवयाचा आहे. द्युरास वार्धक्यातून मागे पाहतात, तर सोबती वार्धक्यातच थांबतात. मराठीत सुनीता देशपांडे यांनी चौसष्टाव्या वर्षी 'आहे मनोहर तरी' (१९९०) मध्ये सहजीवनाचा निर्भीड हिशेब मांडला. पण आत्मकथन घडून गेलेल्या आयुष्याला बांधलेले असते. कादंबरी न घडलेल्या सहजीवनाचीही कल्पना करू शकते.

अरण्या लेखिका असणे म्हणूनच केवळ तपशील नाही. बालोजवळ आठवणी होत्या, पण त्यांना रूप देणारे माध्यम नव्हते. अरण्येजवळ ते आहे. गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' (२०१८) मध्ये ऐंशीची नायिका सीमा ओलांडून पहिल्या पतीच्या शोधात पाकिस्तानात जाते. तिच्याकडे पाहताना बालोचे ओस घर आठवणीत ठेवावे लागते. कारण भारतीय कादंबरीला त्या घरापासून येथवर येण्यास जवळजवळ अर्धशतक लागले.