स्थान आणि लीळा : ओपन वर्ल्ड व्हिडिओ गेममधील कथनाची चिकित्सा

प्रस्तावना

कथा सांगणे म्हणजे घटनांना क्रम लावणे होय. कीर्तनकार असो वा कादंबरीकार, कोणती गोष्ट आधी सांगावी, कोणती राखून ठेवावी आणि श्रोत्याची उत्कंठा कोठवर ताणावी, हे तो ठरवीत असतो. गेल्या दोन दशकांत जगभर लोकप्रिय झालेल्या ओपन वर्ल्ड व्हिडिओ गेमने निवेदकाचा हा अधिकार बऱ्याच अंशी काढून घेतला आहे. या प्रकारच्या खेळात डोंगर, नद्या, गावे व रस्ते असलेला एक विस्तीर्ण प्रदेश पडद्यावर उभा केलेला असतो आणि खेळाडू त्यात मनाला येईल त्या दिशेने फिरू शकतो. मुख्य कथानक पुढे न्यावयाचे की वाटेत भेटलेल्या एखाद्याचे हरवलेले जनावर शोधून द्यावयाचे, हे निवेदक सांगत नाही, खेळाडू ठरवितो.

अशा स्थितीत कथा टिकते काय आणि टिकत असेल तर कशाच्या आधारावर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या माध्यमाची चर्चा बहुधा चित्रपटाच्या वा कादंबरीच्या निकषांवर केली जाते. येथे मात्र निकष मराठी गद्याच्या आरंभकाळातून घेतला आहे. महानुभाव पंथाचे ‘लीळाचरित्र’ व ‘स्थानपोथी’ हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता ओपन वर्ल्ड खेळांचे यश व अपयश अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोन ग्रंथ, दोन क्रम

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्याकडून एकेक लीळा मिळवून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी त्याची विभागणी आहे. प्रत्येक लीळा स्वतःपुरती पूर्ण असली, तरी संपूर्ण ग्रंथाचा क्रम चरित्राचा, म्हणजेच काळाचा आहे.

मुनी व्यास यांच्या नावावर असलेल्या ‘स्थानपोथी’ची रचना वेगळी आहे. तिच्यात तेच चरित्र गावागावांनुसार विभागले जाते. कोणत्या गावी कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, स्वामी कोठे बसले, कोठे वसतीला राहिले, असा तपशील तीत येतो. ‘लीळाचरित्र’ विचारते, ‘पुढे काय झाले?’ ‘स्थानपोथी’ विचारते, ‘येथे काय झाले?’ नागापूरहून उत्तरेस गोदावरीकाठी गेले म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर, म्हणजेच महानुभावांचे डोमेग्राम, लागते. तेथे जाणारा यात्रेकरू चरित्राच्या मध्यातच प्रवेश करीत असतो. आधीची स्थाने त्याने पाहिलेली असोत वा नसोत, त्याच्या आकलनाला बाध येत नाही.

याचे कारण महत्त्वाचे आहे. यात्रेकरू घटना घडून गेल्यावर आलेला असतो. त्याने वाटेत विसावा घेतला, दुसऱ्याच गावी चार दिवस काढले, तरी कथेतील कोणाचेही अडत नाही, कारण कथेत कोणी त्याची वाट पाहत थांबलेले नाही. स्थानाच्या क्रमाने सांगितलेली कथा भूतकाळाचा आधार घेते, म्हणूनच ती श्रोत्याला भटकण्याची मोकळीक देऊ शकते.

घाई आणि भटकंती यांतील विसंवाद

बहुतेक ओपन वर्ल्ड खेळांचा दोष या कसोटीवर लगेच ओळखू येतो. त्यांना प्रदेश ‘स्थानपोथी’चा हवा असतो आणि उत्कंठा ‘लीळाचरित्रा’ची. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ (२०१५) हा आंद्रे सापकोव्स्की यांच्या साहित्यकृतींवर आधारलेला खेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याचा नायक गेराल्ट हा कन्येसमान असलेल्या सिरीचा शोध घेत आहे आणि तिच्या मागावर भयंकर शत्रू आहेत. शोध तातडीचा असल्याचे पात्रे पुनःपुन्हा सांगतात. प्रत्यक्षात खेळाडू गावोगावच्या खानावळींत पत्त्यांचा डाव मांडून दिवसचे दिवस घालवू शकतो आणि त्यामुळे सिरीचे काहीच बिघडत नाही. संवादांतील घाई आणि प्रदेशाने दिलेली सवड यांचा मेळ बसत नाही. क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या खेळाची समीक्षा करताना कथा व क्रीडा यांतील अशा विसंवादाकडे लक्ष वेधले होते. ओपन वर्ल्ड प्रकारात तो रचनेतूनच निर्माण होतो.

तथापि याच खेळातील ‘ब्लडी बॅरन’ हे उपाख्यान अत्यंत परिणामकारक ठरले आहे. एका सरदाराची पत्नी व कन्या नाहीशा झाल्या आहेत. त्यांचा शोध लावल्यास सिरीची माहिती देण्याचे तो मान्य करतो. गेराल्ट त्याच्या घरातील खोल्या तपासतो, तेव्हा तेथील खुणांवरून झटापट झाल्याचे कळते. हळूहळू सरदाराचे मद्यपान, पत्नीला केलेली मारहाण आणि जन्माला न आलेले मूल हा सारा इतिहास उघड होतो. येथे कथा घडून गेलेली आहे. घर हे स्थान आहे आणि खेळाडू उशिरा पोहोचलेला साक्षीदार आहे. हेन्री जेन्किन्स यांनी २००४ मध्ये खेळाच्या रचनाकाराला कथेचा वास्तुशिल्पी मानले होते. या उपाख्यानात त्या कल्पनेचा प्रत्यय येतो. मुख्य कथानक जेथे सैल पडते तेथे हे उपाख्यान घट्ट राहते, कारण त्यातील क्रम स्थानाला साजेसा आहे.

आठवणींचा प्रदेश

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) हा खेळ हे तत्त्व मुख्य कथानकाला लावतो. त्याचा नायक लिंक शंभर वर्षांच्या निद्रेतून स्मृती गमावून जागा होतो. राज्याचा विध्वंस झालेला आहे, सोबती मरण पावले आहेत. त्याच्याजवळ काही स्थळांची जुनी चित्रे आहेत. चित्रातील स्थळ ओळखून तेथे उभे राहिल्यावरच त्या ठिकाणची आठवण परत येते. आठवणी कोणत्याही क्रमाने मिळाल्या, तरी राजकन्या झेल्डाचे दुःख व तिची आत्मशंका यांचे चित्र मनात आकार घेते. लीळा आणि स्थान यांची अशी सांगड या माध्यमात क्वचितच आढळते.

मात्र या खेळालाही मर्यादा आहेत. वर्तमानात झेल्डा राजवाड्यात शत्रूला रोखून धरून आहे, आणि खेळाडू डोंगरावर अळंबी गोळा करीत फिरला तरी ती तितकाच काळ तग धरते. शिवाय भूतकाळ जितका समृद्ध, तितका वर्तमान विरळ राहतो. कथा आठवली जाते. घडत मात्र फारशी नाही. स्थानाच्या क्रमाची ही किंमत आहे आणि ती मान्य करूनच या प्रकाराचे मूल्यमापन केले पाहिजे.

सह्याद्रीचे चित्रण

आपल्या प्रदेशाशी निगडित उदाहरण म्हणजे नॉटी डॉग या अमेरिकी संस्थेचा ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७). हा खेळ बव्हंशी ठरलेल्या मार्गाने जातो, परंतु त्यातील ‘द वेस्टर्न घाट्स’ हे प्रकरण मोकळे आहे. नायिका क्लोई फ्रेझर गाडीतून सह्याद्रीच्या एका काल्पनिक खोऱ्यात फिरते व होयसळांच्या अवशेषांचा कोणत्याही क्रमाने मागोवा घेते. तिचे पिताही गणेशाच्या सुळ्याचा शोध घेत होते. त्यामुळे अवशेष व वैयक्तिक स्मृती यांची जोड साधते. संवादही चांगले आहेत. पण हे खोरे निर्मनुष्य आहे. तेथे माकडे आहेत, शस्त्रधारी शत्रू आहेत. गावकरी नाहीत, म्हणून त्या अवशेषांची आठवण सांगणारेही कोणी नाही. अकोले तालुक्यातील सह्याद्री पाहिलेल्यास ही उणीव तीव्रतेने जाणवेल. तेथे हरिश्चंद्रगड चांगदेवांच्या नावाशी जोडलेला आहे आणि पायथ्याच्या गावांतून त्याच्या कथा आजही सांगितल्या जातात. स्थान म्हणजे केवळ दगड नव्हेत. ‘येथे अमुक झाले’ असे सांगणारा माणूसही त्यात अंतर्भूत असतो. ‘लीळाचरित्र’ अशाच सांगणाऱ्यांमुळे उभे राहिले.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा ओपन वर्ल्ड खेळ नव्हे. डोंबाऱ्याचा खेळ करणारी राजी आपला भाऊ गोलू याला राक्षसांच्या तावडीतून सोडविण्यासाठी निघते. मार्ग आखलेला आहे आणि दुर्गा व विष्णू हे निवेदक आहेत. वाटेतील भित्तिचित्रांजवळ थांबले म्हणजे पुराणकथा ऐकू येतात. काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत मांडले आहेत. भावाच्या शोधाची घाई येथे खोटी वाटत नाही, कारण खेळाडूला भरकटण्यास वावच नाही. शेवट अर्धवट वाटतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु काळाच्या क्रमाची कथा सांगावयाची तर मोकळ्या प्रदेशाचा मोह टाळावा, हा विवेक या खेळाच्या रचनेत दिसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, ओपन वर्ल्ड खेळांत कथन दुबळे असते हे सरसकट विधान टिकत नाही. जेथे कथा घडून गेलेली व स्थानाला बांधलेली असते तेथे ते प्रभावी ठरते. दुसरा, वर्तमानातील तातडी आणि अमर्याद भटकंती एकत्र आणल्यास दोन्हींची हानी होते. तिसरा, केवळ नकाशावर खुणा वाढविल्याने कथा वाढत नाही. स्थानांची यादी आठवणीपासून तुटली की यात्रेची मोजदाद तेवढी उरते. हा धोका ‘स्थानपोथी’च्या वाचकालाही असतो, खेळात गुण मिळत असल्याने तो अधिक बळावतो.

मराठी अध्यापकांच्या दृष्टीने यात एक जबाबदारीही आहे. आपले अनेक विद्यार्थी कथेचा अनुभव या माध्यमातून घेत आहेत, आणि त्यातील काही उद्या असे खेळ घडविणार आहेत. चरित्राचा काळक्रम व स्थानांचा क्रम वेगळा करून पाहण्याची दृष्टी त्यांना मराठीच्या वर्गात मिळू शकते. डोमेग्राम, नेवासे, हरिश्चंद्रगड ही स्थाने अहिल्यानगर जिल्ह्यातच आहेत आणि त्यांच्या आठवणी सांगणारी माणसेही येथे आहेत. त्या आठवणी जाणणाऱ्यांनी या माध्यमाकडे पाठ फिरविली, तर पडद्यावरचा सह्याद्री यापुढेही निर्मनुष्यच राहण्याचा संभव आहे.