‘उपाशीपोटी यावे’ : एका वैद्यकीय सूचनेची भाषा

कर्करोगाच्या गाठींच्या पेट चित्रणापूर्वी रुग्णाच्या हाती जी मराठी सूचनापत्रके पडतात, त्यांत ‘चार ते सहा तास उपाशी राहावे’ अशा अर्थाचे एक वाक्य बहुधा असते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. तथापि मालवणच्या किनाऱ्यावरील वाचकास ते नेमके काय सांगते, हे तपासून पाहावयास हवे.

प्रथम सूचनेचा हेतू पाहू. या तपासणीत किरणोत्सारी फ्लुओरीन जोडलेली साखरेसारखी एक संयुगे, एफ. डी. जी., शिरेतून देतात. बहुतेक गाठींच्या पेशी साखर अधिक ओढतात; ओटो वारबुर्ग यांचे १९२०च्या दशकातील संशोधन याच विषयावरचे. एफ. डी. जी. पेशीत शिरून तेथेच अडकते आणि गाठ चित्रात उजळते. मनुष्य खाऊन आला असेल, तर रक्तातील साखर एफ. डी. जी.शी स्पर्धा करते. शिवाय इन्शुलिन वाढल्याने ती स्नायूंकडे व हृदयाकडे वळते. स्नायू उजळतात, गाठ मंदावते. अशा चित्रात लहानशी गाठ निसटली, तर शस्त्रक्रियेचा निर्णयच चुकू शकतो.

आता शब्दाकडे वळू. आपल्या घरांत ‘उपास’ हा अन्नत्याग क्वचित, अन्नबदल बहुधा. साबुदाण्याची खिचडी, रताळी, केळी, वऱ्याचे तांदूळ इतके घेऊनही मनुष्य उपाशीच म्हणविला जातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. इन्शुलिनास तिथी कळत नाही! ‘जेवू नये’ हा पर्यायही तोकडाच. दक्षिण कोकणात सकाळची पेज ‘जेवणा’त मोजीत नाहीत, मग गोड चहा आणि शहाळे यांची काय कथा? याउलट कडक उपासाची सवय असणारा निर्जळी राहील. तेही अनिष्टच, कारण साधे पाणी येथे हवे असते. मूत्रावाटे अनावश्यक द्रव्य निघून जाऊन चित्र स्वच्छ होते.

‘व्यायाम टाळावा’ या सूचनेची गत याहून वेगळी नाही. आदल्या दिवशी रापण ओढून आलेला मनुष्य आपण व्यायाम केला असे कधीही म्हणणार नाही. श्रमलेले स्नायू मात्र साखर ओढीतच राहतात.

रक्तशर्करा फार, सामान्यतः २०० मिलिग्रॅमच्या वर, असल्यास तपासणी पुढे ढकलावी लागते. फ्लुओरीन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असल्याने ते द्रव्य उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. गोवा, कोल्हापूर वा मुंबई गाठलेल्या सिंधुदुर्गातील कुटुंबास एका सैल शब्दाची ही किंमत पडते.

प्रस्तुत लेखकाच्या मते मजकूर असा असावा : ‘तपासणीपूर्वी सहा तास साध्या पाण्याखेरीज काहीही घेऊ नये. पेज, चहा, शहाळे, फराळाचे पदार्थही नाहीत. आदल्या दिवशी रापण ओढणे, ओझी वाहणे अशी जड कामे करू नयेत. मधुमेह असणाऱ्यांनी गोळ्या व इन्शुलिन यांच्या वेळा डॉक्टरांना आधी विचाराव्यात.’ वाक्ये चार झाली, हे खरे. कागदावर जागा आहे.