सागरी वायुसाठ्यांची अनुमाने व त्यांचे ‘स्वतंत्र’ परीक्षण

नाशिकजवळील गंगापूर धरणाची मूळ साठवणक्षमता सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट होती. आज ती ५,६३० दशलक्ष घनफूट धरली जाते. मधल्या काळात जलाशयात गाळ साचला आणि त्याची मोजणी झाली, एवढाच या फरकाचा अर्थ. अशी मोजणी करू इच्छिणाऱ्यास धरण बांधणाऱ्या खात्याच्या कागदपत्रांवर विसंबावे लागत नाही. पाणी ओसरले की तळ उघडा पडतो, भरल्या जलाशयात नावेतून खोली घेता येते, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पाण्याची पसरण मोजता येते. नाशिकच्याच महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘मेरी’त, जलाशयांतील गाळाचा अभ्यास हा नित्याचा विषय आहे. याच गोदावरीने कृष्णेच्या जोडीने प्राचीन काळी बंगालच्या उपसागरात नेऊन टाकलेल्या वाळूत जो नैसर्गिक वायू साठला आहे, त्याच्या मोजणीस मात्र ही सोय नाही. तेथे तळ कधीच उघडा पडत नाही. आणि मोजणीची साधने ज्याच्या हाती, त्याच्याच हाती वायू काढून विकण्याचा परवाना असतो. ‘स्वतंत्र परीक्षण’ हा शब्दप्रयोग अशा ठिकाणी कोणत्या अर्थाने करावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ कोशकाराचा राहत नाही.

काकीनाड्याच्या किनाऱ्यासमोरील खोल समुद्रातल्या डी-६ या क्षेत्राचा परवाना २००० मध्ये रिलायन्स व निको या कंपन्यांना मिळाला आणि २००२ मध्ये तेथे वायू सापडला. २००४ च्या विकास-आराखड्यात दररोज ४ कोटी घनमीटर उत्पादन आणि सुमारे अडीच अब्ज डॉलर खर्च धरला होता. २००६ च्या पुरवणी आराखड्यात उत्पादन दुप्पट, म्हणजे ८ कोटी घनमीटर झाले, खर्च सुमारे ८.८ अब्ज डॉलरवर गेला, आणि पहिल्या दोन वायुक्षेत्रांतून काढता येण्याजोगा साठा १०.०३ लक्ष कोटी घनफूट असल्याचे सांगण्यात आले. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. २०१० च्या प्रारंभी ते दररोज सुमारे ६ कोटी घनमीटरपर्यंत चढले आणि तेथून उतरू लागले. २०१२ च्या सुधारित आराखड्यात तोच साठा ३.१० लक्ष कोटी घनफूट म्हणून पुढे आला. फेब्रुवारी २०२० मध्ये ही दोन्ही वायुक्षेत्रे बंद झाली.

या घसरणीचा आघात आंध्रच्या किनाऱ्यापुरता राहिला नाही. दाभोळच्या १,९६७ मेगावॅट क्षमतेच्या वीजकेंद्रास याच वायूपैकी दररोज ७६ लाख घनमीटर वायू नेमून दिला होता. २०१३ पर्यंत तो पुरवठा थांबला व केंद्र बंद पडले; २०१५ च्या अखेरीस ते अंशतः चालू झाले, तेही रेल्वेला वीज देण्यासाठी आणि आयात वायूवर. वीजकेंद्र उभे असून इंधन नाही, या अवस्थेची किंमत बँकांनी, वीजमंडळाच्या वारसदार कंपन्यांनी आणि शेवटी ग्राहकाने मोजली. अनुमान चुकले असे म्हणून हा विषय मिटत नाही. अनुमान हे चुकण्यासाठीच असते. ते कोणी, कशाच्या आधारे आणि केव्हा तपासले, हे पाहिले पाहिजे.

विहिरी थोड्या असताना वायुसाठ्याचा आकडा मुख्यतः गुणाकाराने निघतो. वायुधारक थराचे क्षेत्रफळ, त्याची उपयुक्त जाडी, खडकाची सच्छिद्रता, त्या छिद्रांतील वायूचा अंश, आणि यातून काढता येईल असा हिस्सा, हे पाच घटक एकमेकांशी गुणले जातात. दाबाखालील वायू पृष्ठभागी आल्यावर किती पसरेल याचा गुणक त्यात मिळवावयाचा, परंतु तो बऱ्याच अंशी निश्चित असतो. आता प्रत्येक घटकात अनुमानकर्त्याने १५ टक्केच आशावाद बाळगला असे समजावे. प्रत्येक ठिकाणी तो क्षम्य दिसेल. कोणताही परीक्षक एका घटकापुरत्या तेवढ्या फरकावर अहवाल परत पाठविणार नाही. पण १.१५ चा पाच वेळा गुणाकार केला की उत्तर २.०१ येते, म्हणजे साठा दुप्पट होतो. १०.०३ आणि ३.१० यांचे प्रमाण सव्वातीनपटीच्या किंचित खाली आहे. पाचही घटकांत ते सारखे वाटले तर प्रत्येकी सुमारे २६ टक्के वाढ पुरेशी होते. प्रत्यक्षात चूक अशी समसमान वाटली गेली असे येथे सुचवावयाचे नाही. सांगावयाचे ते इतकेच, की प्रचंड तफावतीमागे प्रचंड लबाडी किंवा प्रचंड अज्ञान असलेच पाहिजे असे नाही, आणि घटकशः तपासणी करणाऱ्या परीक्षकाच्या हातून ती निसटू शकते.

डी-६ मधील खडकाच्या रचनेने ही अडचण वाढविली. तेथील वायू सलग पसरलेल्या थरात नसून, समुद्रतळावरील गाळयुक्त प्रवाहांनी कोरलेल्या व वाळूने भरलेल्या नाळांत आणि त्यांच्या काठांवरील पातळ थरांत आहे. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात अशा नाळा दिसतात. परंतु एका नाळेतील वायू शेजारच्या नाळेतून विहिरीकडे येईल की नाही, हे त्या चित्रावरून खात्रीने कळत नाही. उत्पादन घटल्यावर कंपनीने भूस्तराच्या अनपेक्षित गुंतागुंतीकडे बोट दाखविले; ठरल्याइतक्या विहिरी खणल्या नाहीत, असे सरकारने म्हटले आणि २०१२ मध्ये सुमारे एक अब्ज डॉलरची खर्चवसुली नाकारली. वाद लवादाकडे गेला. दोन्ही कारणांचा निवाडा एकाच माहितीवरून व्हावयाचा होता, आणि ती माहिती उत्पादकाने गोळा केलेली होती.

येथे ‘साठा’ या शब्दाकडेही पाहिले पाहिजे. भूगर्भात असलेला वायू आणि साठा या दोन भिन्न गोष्टी आहेत. जो प्रचलित तंत्राने, परवडणाऱ्या खर्चात काढून गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविता येतो, तोच साठा. मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याबरोबर येणारा पुष्कळसा वायू, तो वाहून नेण्याची व वापरण्याची सोय पुरेशी नसल्यामुळे, कित्येक वर्षे समुद्रातच जाळला गेला. तोच वायू उरणच्या वीजकेंद्रात आणि थळच्या खतकारखान्यात जाऊ लागला तेव्हा त्यास किंमत आली. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या युरियाच्या गोणीत त्याचा अंश असतो. उलट उदाहरण शेल कंपनीचे. ऑस्ट्रेलियाच्या सागरी गॉर्गन क्षेत्रातील वायू, गिऱ्हाईक ठरलेले नसतानाही, तिने ‘सिद्ध’ साठ्यात धरला होता. जानेवारी २००४ मध्ये या कंपनीने आपल्या सिद्ध साठ्यांपैकी सुमारे एक पंचमांश, म्हणजे ३.९ अब्ज पिंप तेलाइतका भाग, त्या वर्गातून काढून टाकला. जगभरच्या साठ्यांचे अंतर्गत परीक्षण करण्यास तिच्याकडे अर्धवेळ काम करणारा एक निवृत्त अभियंता होता, हे अमेरिकन नियामकाच्या चौकशीत उघड झाले.

बाहेरचा परीक्षक नेमला की हा दोष जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे; ती तपासून घेण्यासारखी आहे. पेट्रोलियम अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने साठ्यांचे अनुमान व परीक्षण यांविषयी मानके घालून दिली आहेत. त्यांत स्वतंत्रपणे नवे अनुमान करणे आणि दुसऱ्याने केलेल्या अनुमानाचे परीक्षण करणे या दोन कामांत स्पष्ट भेद केलेला आहे. परीक्षक एकंदर आकडा वाजवी आहे एवढेच सांगतो, आणि त्याचा स्वतःचा आकडा १० टक्क्यांच्या आत जुळला तर सहसा संमती देतो. वापरलेली विहिरींची व उत्पादनाची माहिती कंपनीकडूनच आलेली असते आणि तिची शहानिशा स्वतंत्रपणे केलेली नसते, असे अशा अहवालांत बहुधा प्रांजळपणे नमूद असते. वर्तमानपत्रांत मात्र त्यातले शेवटचे वाक्य तेवढे येते. असा परीक्षक प्रामाणिक असू शकतो, निष्णातही असतो. परंतु त्याचे स्वातंत्र्य सहीपुरते असते. माहिती उसनी, पद्धती तीच आणि मोबदला देणाराही बहुधा तोच.

गुजरात सरकारच्या पेट्रोलियम महामंडळाने जून २००५ मध्ये त्याच खोऱ्यात २० लक्ष कोटी घनफूट वायू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा तर आधारास मोजक्याच विहिरी होत्या. पुढे मान्य झालेल्या आराखड्यातील आकडा त्याच्या दशांशाच्या आसपास राहिला. आराखडा क्षेत्राच्या एका भागापुरता होता, हे ध्यानात घेऊनही घोषणेचे समर्थन करणे कठीण आहे.

खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशी कसोटी उत्पादन सुरू झाल्यावरच उपलब्ध होते. वायू काढला की साठ्याचा दाब उतरतो. दाबास वायूच्या विचलनगुणकाने भागून आलेली संख्या एकूण काढलेल्या वायूसमोर मांडली, तर बंदिस्त साठ्यात बिंदू सरळ रेषेवर पडतात आणि ती रेषा शून्य दाबापर्यंत वाढविली की मूळच्या वायूचे परिमाण मिळते. या रीतीस थराचे क्षेत्रफळ लागत नाही, जाडी लागत नाही, सच्छिद्रताही लागत नाही; म्हणजे ज्या घटकांत आशावाद शिरतो ते सर्व ती वगळते. तिच्या मर्यादाही आहेत. खालून पाणी शिरून दाब टिकवीत असेल तर रेषा फसवी ठरते, आणि विहिरीशी जोडल्या न गेलेल्या नाळांतील वायू तिला दिसत नाही. तथापि तिची चूक गुणाकाराच्या चुकीहून वेगळ्या जातीची असते, आणि परीक्षणास हवे असते ते हेच. दोन पद्धतींची उत्तरे जुळली तर विश्वास वाढतो. न जुळली तर कोठे शोधावे ते कळते.

भारतातील सागरी वायूच्या संदर्भात या अटीच्या सर्वांत जवळ गेलेले परीक्षण एका भांडणातून निर्माण झाले. शेजारच्या आपल्या क्षेत्रांतील वायू डी-६ मधील विहिरींकडे वाहून जात असल्याची तक्रार तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०१३ मध्ये केली आणि २०१४ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात नेले. डीगोलियर अँड मॅकनॉटन या अमेरिकन सल्लागार संस्थेकडे काम सोपविण्यात आले. येथे तिला केवळ एका पक्षाच्या माहितीवर विसंबावे लागले नाही. परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या दोघांच्याही विहिरींची व सर्वेक्षणांची माहिती तिच्यासमोर होती. मार्च २०१५ अखेर सुमारे ११.१२ अब्ज घनमीटर वायू सीमा ओलांडून गेला, असा निष्कर्ष तिने त्याच वर्षी दिला. पुढे लवादाने २०१८ मध्ये बहुमताने कंपनीच्या बाजूने कौल दिला. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने २०२३ मध्ये तो उचलून धरला आणि खंडपीठाने फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केला. या साऱ्या प्रवासात वाद मुख्यतः हक्काचा राहिला: आपल्या हद्दीत आलेला वायू काढण्याचा अधिकार कंत्राटदारास आहे काय, हा.

यावरून भांडण हेच उत्तम परीक्षक, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. भांडणाने जे अपघाताने घडविले ते व्यवस्थेने हेतुतः घडवावयास हवे होते. १९९३ मध्ये स्थापन झालेले हायड्रोकार्बन महासंचालनालय हे पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतले. त्याचे पुष्कळसे तज्ज्ञ सरकारी तेलकंपन्यांतून प्रतिनियुक्तीवर येणारे. सरकार वायूच्या उत्पन्नात भागीदार आहे, आणि मोठा आकडा जाहीर होणे भागीदारासही अप्रिय नसते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या आपल्या अहवालात डी-६ मधील खर्च व कराराची अंमलबजावणी कठोरपणे तपासली; पण हिशेबाचे परीक्षण हे भूस्तराचे परीक्षण नव्हे. २०१७ मध्ये महासंचालनालयाने राष्ट्रीय माहितीभांडार उघडले, ही त्या मानाने अधिक आशादायक गोष्ट. विद्यापीठातील भूशास्त्राच्या संशोधकास मूळ सर्वेक्षण हाती घेऊन स्वतःचे अनुमान मांडण्याची निदान सुरुवात त्यामुळे करता येते. मात्र दाबाच्या कालक्रमिक नोंदींवाचून वर वर्णिलेली कसोटी लावता येत नाही, आणि साठ्याचे उत्तर त्याच नोंदींत असते.

डी-६ च्या त्याच परवानाक्षेत्रात डिसेंबर २०२०, एप्रिल २०२१ व जून २०२३ मध्ये आणखी तीन सागरी प्रकल्पांतून उत्पादन सुरू झाले. त्या तिहींत मिळून सुमारे ३ लक्ष कोटी घनफूट वायू असल्याचे उत्पादक कंपन्यांनी सांगितले होते. त्यांपैकी पहिल्याच्या विहिरी सरळ रेषा आखण्याइतका काळ आता वाहिल्या आहेत.