संगणकाच्या पडद्यावरील मराठी अक्षरवळण : एक चिकित्सा

संगणकावर मराठी अवतरली, याचे कौतुक पुष्कळ झाले. ती कोणत्या रूपात अवतरली, याची चिकित्सा मात्र त्या मानाने क्वचितच झालेली दिसते. प्रस्तुत लेखात ‘ल’, ‘श’ आणि ‘शेतकऱ्या’तील अर्धा ‘र’ यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार केला आहे.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मधील शासन निर्णयाद्वारे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला. हेतू स्तुत्यच आहे. परंतु हा आग्रह लिहिणाऱ्याकडे धरण्यात मूलभूत अडचण आहे. युनिकोडमध्ये ‘ल’ या वर्णाला एकच संकेतांक आहे. मराठी ‘ल’ निराळा आणि हिंदी ‘ल’ निराळा, असा भेद तेथे नाही, आणि तो नसणे योग्यच होय. कळ दाबल्यावर नोंदला जातो तो केवळ वर्ण. त्याचे वळण फॉन्ट ठरवतो. याच परिच्छेदातील ‘ल’ वाचकाच्या पडद्यावर कोणत्या वळणाचा दिसेल, हे लेखकाला सांगता येत नाही.

विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी कवीने व सुलेखनकाराने घडवला. तरीही त्यातील मूळ ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. याचा दोष कलावंताला देणे अन्यायाचे ठरेल. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या सर्व भाषांची सोय एकाच फॉन्टमध्ये करावयाची, तर कोणते तरी एक वळण मूळ मानावेच लागते.

यावर तांत्रिक उपाय उपलब्ध आहे. ओपनटाइप फॉन्टमध्ये एकाच वर्णाची भाषानिहाय रूपे साठवता येतात. ‘लोहित देवनागरी’ या मुक्त फॉन्टमध्ये तशी सोय आहे. लिबरऑफिसमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा हिंदीऐवजी मराठी केली, की एकही अक्षर नव्याने न टंकता वळण पालटते. लिनक्सवरील ‘फॉन्टकॉन्फिग’ तर फॉन्ट निवडतानाच भाषा विचारात घेऊ शकते. परंतु मजकूर मराठी आहे, हे संगणकाला कोणी तरी सांगावे लागते, आणि नेमकी ही नोंद करण्याचाच आपल्याला आळस आहे. वळणाचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या धारिकांतही भाषा म्हणून इंग्रजी नोंदलेली असू शकते!

अर्ध्या ‘र’ची गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद सौंदर्याचा नसून अर्थाचा आहे. हा अर्धा ‘र’ दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडतात, दुसऱ्या रीतीत साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द होत. साध्या शोधप्रणालीत अभ्यासकाने ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द एका रीतीने टंकून शोधला, तर दुसऱ्या रीतीने टंकलेले सारे उल्लेख त्याच्यापुरते नाहीसे होतात. शिवाय मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना ते अदृश्य चिन्ह गळून पडले, तर ‘शेतकर्यांच्या’ असे रूप उरते. अशी रूपे आज छापील मजकुरातही आढळतात, आणि मुद्रितशोधक त्यांना टंकलेखकाची चूक समजतो.