पटाला सोंगटी ओळखता येत नाही

घरी इलेक्ट्रॉनिक बुद्धिबळपट तयार करण्याची कृती हौशी मंडळींत आता चांगली रुळली आहे. प्रत्येक घराखाली एक रीड स्विच, प्रत्येक सोंगटीच्या बुडाशी एक लहान चुंबक आणि ६४ स्विचेसची खबर घेणारा एक मायक्रोकंट्रोलर. सोंगटी घरावर आली की काचेच्या नळीतील दोन पट्ट्या चिकटतात व मंडल पूर्ण होते. हायस्कुलातील मुलांना हे जमण्यासारखे आहे. तरीही या कृतीविषयी आमची एक तक्रार आहे. तिच्यात डाग कसा द्यावा हे सविस्तर सांगितलेले असते; विचार करण्याजोगा भाग मात्र तयार प्रोग्रॅमच्या पोटात गडप झालेला असतो.

जोडणीचेच पाहा. तारा वाचाव्यात म्हणून ८ आडव्या व ८ उभ्या तारांची जाळी करतात. संगणकाच्या कळफलकात हीच युक्ती असते, पण तेथे एका वेळी दोन-तीन कळाच दाबलेल्या असतात. येथे डाव सुरू होण्यापूर्वीच ३२ स्विचेस जुळलेले! ई२ वरील प्यादे उचलले, तर दुसऱ्या ओळीतील प्रवाह डी२ मधून डी या उभ्या तारेत, डी१ मधून पहिल्या ओळीत आणि ई१ मधून ई या उभ्या तारेत पोचतो. पटाला ई२ भरलेलेच दिसते. तेच प्यादे ई४ वर ठेवले की चौथी ओळ सगळीच भरल्याचा भास होतो. प्रत्येक स्विचला एक डायोड जोडला की ही आडवाट बंद होते. कृतीत ‘६४ डायोड घ्या’ एवढेच असते. ते का घ्यायचे, हे मुलांनी पेन्सिलीने वाट रेखाटून शोधावे, असे कोठे सुचवलेले नसते.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. पटाला कळते ते फक्त ‘घर भरलेले’ की ‘घर रिकामे’; साऱ्या पटाची माहिती ८ बाइटांत मावते. घोडा कोणता आणि उंट कोणता, हे प्रोग्रॅम सुरुवातीची मांडणी लक्षात ठेवून, एकेक खेळी मोजत ठरवतो. समजा, पांढरे प्यादे ई४ वर आणि काळी प्यादी डी५ व एफ५ वर आहेत. पांढऱ्याने कोणतेही मारले, तरी शेवटी ई४ रिकामे आणि डी५, एफ५ भरलेलीच. आधीचे व नंतरचे चित्र ताडून काही कळत नाही. मारलेली सोंगटी उचलल्यावर ते घर क्षणभर रिकामे होते, तो क्षण टिपावा लागतो; म्हणून पट सेकंदातून अनेकदा तपासायचा.

ही अडचण जुनी आहे. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केंपेलेन याने बुद्धिबळ खेळणारा ‘तुर्क’ दाखवला. आत माणूस लपलेला असे. सोंगट्यांत चुंबके होती आणि घरांखाली दोऱ्याने टांगलेले लोखंडी तुकडे. सोंगटी ठेवली की तुकडा वर ओढला जाई, उचलली की खाली पडे. त्या माणसालाही भरलेले-रिकामे एवढेच कळे, म्हणून तो डाव जवळच्या छोट्या पटावर मांडत असे. मायक्रोकंट्रोलरची स्मृती म्हणजे तोच छोटा पट.

चुंबकाचा ध्रुव ओळखणारे हॉल संवेदक वापरले आणि पांढऱ्या-काळ्या सोंगट्यांतील चुंबके उलटसुलट बसवली, तर रंग कळतो आणि वरचा घोळ मिटतो. पण शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा वजीर केला की घोडा, हे तरीही विचारावेच लागते. शाळेसाठी आम्ही रीड स्विचच पसंत करू. त्यातील उणीव हाच तर पाठ आहे.

डाग देण्याआधी एक तास कागदावर खेळावा. दोन मुले पडद्याआड डाव खेळतील, तिसरा फक्त ‘ई२ रिकामे, ई४ भरले’ असे पुकारील आणि उरलेला वर्ग डाव उभा करील. किल्लेकोट करताना कोणी आधी हत्ती हलवला की गंमत होते. नियमाप्रमाणे राजा आधी हलवायचा असतो. हत्ती आधी हलला, तर वर्ग ती हत्तीचीच खेळी समजतो आणि काळ्याच्या खेळीची वाट पाहू लागतो.