‘कल्पनाशक्तीचे अपयश’ : ९/११ आयोगाच्या अहवालातील एका संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :
११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात सुमारे ३,००० माणसे मृत्युमुखी पडली. शासनास पूर्वसूचना होती काय, हा प्रश्न मृतांच्या कुटुंबीयांनी लावून धरला. त्यांच्या रेट्यामुळे २००२ च्या अखेरीस चौकशी आयोग स्थापन झाला. थॉमस कीन व ली हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालील या आयोगात दोन्ही पक्षांचे प्रत्येकी ५ सदस्य होते. २२ जुलै २००४ रोजी त्याचा एकमुखी अहवाल प्रसिद्ध झाला.

विवेचन :
कल्पनाशक्ती, धोरण, क्षमता आणि व्यवस्थापन अशी चार अपयशे अहवालाने नोंदवली व त्यांत कल्पनाशक्तीच्या अपयशास अग्रस्थान दिले. सार्वजनिक चर्चेतही हाच शब्दप्रयोग रूढ झाला. परंतु अहवालातीलच तपशील त्याला छेद देतात. खालिद अल-मिधार व नवाफ अल-हाझमी हे जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूर येथे सी.आय.ए.च्या नजरेखाली होते. हाझमी लॉस एंजेलिसला गेल्याचे मार्च २००० मध्ये या संस्थेस समजले होते. तरीही त्यांची नावे संशयितांच्या यादीत आली ती ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. पेंटॅगॉनवर आदळलेल्या विमानात हे दोघेही होते. हाती आलेले नाव दुसऱ्या खात्यास कळविण्यासाठी कल्पनाशक्तीची गरज नसते. ते नित्याचे कार्यालयीन कर्तव्य आहे.

घटनेनंतर सर्व खुणा स्पष्ट दिसू लागतात, हा आक्षेप येथे रास्त आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांना सादर झालेल्या टिपणात बिन लादेनच्या अमेरिकेतील हल्ल्याच्या इराद्याचा उल्लेख होता. दिवस व ठिकाण नव्हते. त्या टिपणाबाबत हा बचाव ग्राह्य धरता येईल; वरील दोन नावांबाबत मात्र तो टिकत नाही.

समारोप :
व्यक्तिगत दोषारोप हा आपला हेतू नाही, असे आयोगाने आरंभीच स्पष्ट केले होते. एकमतासाठी हा संयम उपयुक्त ठरला असावा. तथापि कल्पनाशक्तीचा अभाव हा सर्वांचाच दोष ठरतो आणि जो सर्वांचा दोष, त्याचे उत्तरदायित्व कोणाकडेच राहत नाही. कुटुंबीयांचा प्रश्न ‘कोणास काय सुचले नाही’ हा नव्हता. ‘कोणास काय ठाऊक होते आणि त्याने काय केले’ हा होता. अहवालाने त्याचे उत्तर तपशिलांत दिले, निष्कर्षात मात्र ते सौम्य केले. म्हणूनच या अहवालाचे निष्कर्ष त्याच्याच तपशिलांशी ताडून वाचणे अगत्याचे आहे.