आधी चाल, मग शब्द : वामनदादा कर्डक यांच्या गीतरचनेची घडण

गेय रचनेचा विचार करताना मराठी समीक्षेने दोन कप्पे गृहीत धरलेले दिसतात. एक लोकगीताचा, जिथे कर्ता अज्ञात असतो आणि अज्ञात असणे हाच गुण मानला जातो. दुसरा कवितेचा, जिथे कर्ता नाममुद्रेसह, मुद्रित संहितेसह आणि स्वतःच्या ‘शैली’सह हजर असतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते या दोन्ही कप्प्यांत बसत नाहीत. ती ज्ञात कर्त्याची आहेत, कडव्याच्या शेवटी ‘वामन’ ही मुद्रा मिरवतात. आणि तरीही ती अशा रीतीने पसरली की गाणाऱ्यांपैकी अनेकांना ती कोणाची हे ठाऊक असण्याची गरज पडली नाही. पहिले गीत १९४३ सालचे आणि ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ सालचा. मधल्या तीस वर्षांत ही रचना प्रामुख्याने कंठात आणि श्रवणात नांदली. तिची संहिता कोणती, हा प्रश्न त्यामुळे केवळ पाठचिकित्सेचा उरत नाही. तो निर्मितिप्रक्रियेचाच प्रश्न होतो.

‘वाटचाल’च्या आदल्याच वर्षी, १९७२ साली, नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. या दोन पुस्तकांच्या वाट्याला आलेले समीक्षेचे लक्ष तोलून पाहिले, तर दलित साहित्याची संकल्पना घडत असताना गीताला कोणती जागा दिली गेली याचा अंदाज येतो. ‘गोलपिठा’ने मराठी कवितेची भाषा उलथवली, हे खरेच. परंतु त्या उलथवण्याचे मोल ज्या निकषांनी ठरले ते निकष मुद्रित, मुक्तछंदी, एकांतात वाचल्या जाणाऱ्या कवितेचे होते. गीताकडे ‘प्रबोधनाचे साधन’ म्हणून पाहिले गेले. त्याचा गौरव झाला, विश्लेषण मात्र क्वचितच झाले. प्रस्थापित वाङ्मयव्यवहाराने ही विभागणी केली यात नवल नाही. ती दलित समीक्षेनेही बव्हंशी स्वीकारली, हे अधिक विचार करायला लावणारे आहे.

वामनदादांची सांगीतिक पार्श्वभूमी एकसंध नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव. नाशिक जिल्ह्याच्या या परिसरात तमाशा आणि भजन या दोन्ही परंपरा बळकट होत्या. शिवाय, त्यांच्या बालपणाच्या काळात हा जिल्हा आंबेडकरी चळवळीच्या केंद्रस्थानी आला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० सालचा, येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ सालची. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी याच मातीत आंबेडकरी जलसा उभा केला. जलशाने तमाशाचा साचा मोडला नाही, तो आतून बदलला. गणाची जागा राहिली, स्तवनाचा विषय बदलला. गौळणीतला शृंगार मागे पडला. वगाच्या जागी सामाजिक प्रसंग आला. लोकांच्या कानात आधीच मुरलेल्या आकृतिबंधात नवा आशय बसवायचा, ही जी दृष्टी सत्यशोधक जलशापासून चालत आली होती, ती वामनदादांच्या पिढीला वारशानेच मिळाली. ती कोणी सिद्धांत म्हणून शिकवलेली नव्हती.

या वारशावर मुंबईचा थर चढला. कामगार वस्ती, गिरणी, पडेल ते काम, समता सैनिक दल आणि सिनेमा. हिंदी चित्रपटगीत त्या काळी मुंबईच्या श्रमिकांची समाईक गानभाषा होत होते; सिन्नरचा, सातारचा, कोकणातला आणि उत्तरेकडचा माणूस एकाच चाळीत जी चाल गुणगुणू शकत होता ती चित्रपटाची होती. वामनदादांचे १९४३ चे पहिले गीत एका हिंदी गीताचे विडंबन होते, हे या संदर्भात पाहावे लागते. आरंभ जलशाच्या पारंपरिक चालीवर झाला नाही, शहराच्या चालीवर झाला.

याच सुमारास, ऐन तारुण्यात, त्यांना अक्षरओळख झाली. मुळाक्षरे शिकल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरे पक्की केल्याची हकिकत सर्वपरिचित आहे आणि ती जिद्दीचे उदाहरण म्हणून पुन्हापुन्हा सांगितली जाते. तिच्यातील वाङ्मयीन अर्थ मात्र बाजूला राहतो. ज्या माणसाच्या मनात गाण्यांचा साठा आधी आहे आणि लिपी नंतर आली आहे, त्याच्यासाठी लिहिणे ही रचनेची सुरुवात नसते. ती नोंद असते. आल्बर्ट लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथात युगोस्लाव्ह गायकांच्या आधारे असे प्रतिपादले की, स्थिर लिखित संहितेची कल्पना मनात शिरली की मौखिक रचनाशक्ती ओसरते. त्या महाकाव्यपरंपरेपुरते ते प्रमाण असेलही. वामनदादांच्या बाबतीत लेखन आले आणि गाणे आटले नाही. लिपी कंठाच्या सेवेला लागली. लॉर्ड यांचा गायक सादर करता करता रचतो, येथे रचना सादरीकरणाच्या आधी होते, पण कागदावर होत नाही. मराठी समीक्षेत मौखिकतेची चर्चा करताना हा तिसरा प्रकार वेगळा ओळखला पाहिजे.

आता ‘विडंबन’ या शब्दाविषयी. मराठीत या शब्दाला ‘झेंडूची फुले’ने (१९२५) जो अर्थ दिला त्यात मूळ रचना हेच लक्ष्य असते, केशवकुमारांचा वाचक मूळ कविता ओळखून हसतो. चित्रपटाच्या चालीवर आंबेडकरी गीत बांधणाऱ्याला मूळ गाण्याची थट्टा करायची नसते. त्याला त्या गाण्याची वाहतूकशक्ती हवी असते. चाल आधीच लोकांच्या तोंडी असते. नवे शब्द तिच्यावर बसले की दुसऱ्या कडव्यापासून सभा धृपद उचलते. ही क्रिया विडंबनाची नाही. हिला काय म्हणावे याविषयी मतभेद संभवतात; ‘चालबांधणी’ हा शब्द निदान दिशाभूल करणार नाही.

आणि ही क्रिया मराठीला परकी तर मुळीच नाही. किर्लोस्करांच्या संगीत नाटकांतील पदांच्या माथ्यावर ‘चाल’ असा निर्देश छापलेला असे, आणि पुढे एखाद्या लावणीचे, कानडी पदाचे वा अन्य परिचित गीताचे आरंभीचे शब्द येत. ‘संगीत सौभद्र’ (१८८२) मराठी रंगभूमीचे वैभव मानले जाते. त्यातील चाली उसन्या आहेत म्हणून त्याची प्रतिष्ठा उणावल्याचे कोणी ऐकलेले नाही. तिकडे अमेरिकेत वुडी गथ्री यांनी १९४० साली लिहिलेले ‘धिस लँड इज युवर लँड’ कार्टर कुटुंबाने गायिलेल्या एका धार्मिक गीताच्या चालीवर बेतलेले आहे. बॉब डिलन यांच्या ‘ब्लोइंग इन द विंड’ची चाल गुलामीच्या काळातील ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गीतापासून निघाली आहे. डिलन यांना २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा गीत हे साहित्य आहे काय यावर मराठीतही चर्चा झाली. चाल कोणाची, हा मुद्दा त्या चर्चेत आक्षेप म्हणून कोणी गांभीर्याने पुढे केला नाही. मग तोच व्यवहार शिवडी-नायगावच्या वस्तीत घडला की त्याला ‘सिनेमाच्या चालीवरची गाणी’ असे म्हणून बाजूला सारण्यामागे कोणता वाङ्मयीन निकष असतो? निकष वाङ्मयीन नाही, असेच म्हणणे भाग आहे.

चालबांधणीत शब्दांना काय सोसावे लागते, हे सूक्ष्मपणे पाहण्याजोगे आहे. हिंदीत शब्दयोगी अव्यय सुटे असते, मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतो आणि सामान्यरूप घडवतो. ‘गाँव से’ पाच मात्रांत संपते. ‘गावातून’ला सात लागतात. मात्रा सारख्या आल्या तरी त्यांची वाटणी वेगळी पडते. ‘इन्सान को’ आणि ‘माणसाला’ दोन्ही सात मात्रांची, परंतु हिंदीत लघू तिसऱ्या जागी आहे तर मराठीत दुसऱ्या. चालीचा ठोका जिथे दीर्घ स्वराची वाट पाहतो तिथे ‘ण’ येऊन बसतो. गीतकाराला मग शब्द बदलावा लागतो, क्रम फिरवावा लागतो, नाही तर आशयच वेगळ्या वाटेने वळवावा लागतो. चालीने लादलेले हे वळण पुष्कळदा नव्या कल्पनेला जन्म देते. छंदोबद्ध कवितेला हा अनुभव नवा नाही. फरक इतकाच की छंद अमूर्त असतो, चाल विशिष्ट असते आणि श्रोत्याला पाठ असते. चूक झाली तर पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळते.

शाहिरी रचनेत ‘करून’ऐवजी ‘करुनी’, ‘देऊन’ऐवजी ‘देऊनी’ अशी रूपे वारंवार आढळतात. त्यांना संतकाव्याचे अनुकरण किंवा जुनाट काव्यभाषेचा मोह म्हणण्याची प्रथा आहे. कारण पुष्कळ अंशी ध्वनीचे आहे. ‘करून’ आणि ‘करुनी’ या दोन्हींच्या मात्रा चारच, पण पहिले रूप व्यंजनावर बंद होते, दुसरे दीर्घ ‘ई’वर उघडे राहते. मैदानात, ध्वनिक्षेपक असो वा नसो, ओळीच्या अखेरीचा सूर लांबवायचा तर उघडा स्वर हवा. सभेतल्या गायकाचा गळा येथे व्याकरणाचा निर्णय घेतो. मराठी क्रियापदांची ‘-ला, -ली, -ले’ ही रूपे याच कारणाने यमकाला सहज हाताशी येतात, आणि येथेच या पद्धतीचा धोकाही आहे. यमक फुकट मिळते तेव्हा ओळीला काही कमवावे लागत नाही.

वामनदादांच्या विपुल रचनेतही अशा ओळी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. जयंती, महापरिनिर्वाण दिन, धम्मचक्र प्रवर्तन दिन या वार्षिक चक्राने गीतांना मागणी निर्माण केली. विशेषतः १९५६ नंतर, धर्मांतर आणि बाबासाहेबांचे निधन एकाच वर्षी घडल्यावर, स्तवन आणि शोक यांचे साचे झपाट्याने तयार झाले. त्या साच्यांत बसवलेली गीते समूहाला हवी होती म्हणून टिकली. तिथे समूहाची गरज आणि रचनेची गुणवत्ता एकच मानणे म्हणजे पुन्हा गौरव करून विश्लेषण टाळणे होय. त्यांची सर्वोत्तम रचना वेगळीच. तिच्यात साचा आहे, परंतु साच्यात बसणारा तपशील उपासमारीचा, मजुरीचा, रस्त्याचा, घरातल्या बोलण्याचा आहे. आणि बोलीतला एखादा रोखठोक शब्द चालीच्या नेमक्या ठोक्यावर येतो. हा मेळ कागदावर दिसत नाही, ऐकू येतो.

नाममुद्रेचे कार्यही या ठिकाणी समजून घ्यावे लागेल. अभंगात मुद्रा येते तेव्हा ती भक्ताची साक्ष असते. कलगी-तुऱ्यात ती फडाची निशाणी आणि आव्हान असते. वामनदादांनी गीते स्वतः गायिली आणि ती इतर गायकांच्याही तोंडी गेली. अशा व्यवहारात मुद्रा हा निरक्षर जगातला हक्कलेख ठरतो. गाणाऱ्याने शेवटचे कडवे गाळले की हक्क नाहीसा होतो. जात्यावरच्या ओव्यांतही बाबासाहेब येतात, पण ओवी गाणारीला तिथे नाव लावायचे नसते. तिची चाल समाईक, तिचे शब्दही समाईक. वामनदादांच्या गीतात चाल समाईक आणि शब्द मात्र कोणाचे तरी आहेत. लोकगीत आणि कविता या दोन कप्प्यांतील सीमारेषा नेमकी या जागी पुसट होते.

मुद्रित संग्रह वाचताना यामुळे एक अडचण उभी राहते. चालीचा निर्देश नसेल तर कित्येक ओळी लंगड्या वाटतात. कुठे मात्रा वाढतात, कुठे एकच शब्द निष्कारण दोनदा आल्यासारखा भासतो. चाल कानात असलेल्या वाचकाला तोच दुहेरी शब्द पलट्याची जागा म्हणून कळतो. किर्लोस्करांच्या पदांवर ‘चाल’ छापण्याची दक्षता एकोणिसाव्या शतकातल्या मुद्रकांनी घेतली होती. वामनदादांच्या गीतांच्या चिकित्सक आवृत्तीत प्रत्येक गीतामागे मूळ चाल, उपलब्ध ध्वनिमुद्रणे आणि गायकागणिक बदललेले पाठ यांची नोंद हवी. ज्यांच्या कानात त्या चाली मूळ रूपात आहेत अशा श्रोत्यांची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, आणि विद्यापीठीय संशोधनाला हे काम त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याकडून गाऊन घेऊनच करावे लागेल.